मामाची ओळख, भाच्याची लाळ

चंदीगडजवळच्या चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय आहे. याच कमांडच्या डोग्रा स्काउट्सनी हिमाचलच्या ढाका हिमनदीत एका जुन्या अपघाताचा शोध अनेकदा घेतला आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांना घेऊन चंदीगडहून लेहला निघालं. हवामान बिघडलं म्हणून ते मागे फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. अवशेष सापडायला २००३ साल उजाडलं. २०२४च्या सप्टेंबरात आणखी चार मृतदेह मिळाले. काहींची ओळख जवळच्या कागदपत्रांवरून पटली.

पण कागदच उरला नसेल तर?

तर हाडातला किंवा दातातला डीएनए कामी येतो. आपल्या डीएनएत काही ठिकाणी चार अक्षरांचा एकच तुकडा सलग पुन्हापुन्हा येतो. कुणात सात वेळा, कुणात नऊ वेळा. एक आकडा आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. अशा वीसेक जागांचे आकडे एकत्र पाहिले, तर एकसारखी जुळी भावंडं सोडता दोन माणसांचे सगळे आकडे जुळणं जवळजवळ अशक्य.

हे आकडे मोजते कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. त्या जागांच्या असंख्य प्रती काढून त्यांना चमकणारा रंग जोडतात आणि काचेच्या नळीत सोडतात. नळीची पोकळी जेमतेम केसाएवढी, आत दाट द्रव. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून हजारो व्होल्टचा दाब दिला की तुकडे धन टोकाकडे धावतात. जत्रेच्या गर्दीतून लहान पोर आधी सटकतं, तसे आखूड तुकडे आधी पोहोचतात. शेवटी लेझरखाली प्रत्येक तुकडा चमकतो. माहीत असलेल्या लांबीचे तुकडेही सोबत धावतात, तीच मोजपट्टी. एका अक्षराचा फरकसुद्धा दिसतो.

जुन्या हाडात लांब तुकडे तुटलेले असतात. तेव्हा आधार मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा. तो फक्त आईकडून येतो, म्हणून जवानाच्या मुलात नसतो. बहिणीत आणि तिच्या मुलांत असतो. तो एकाच मातृवंशातल्या सगळ्यांत सारखा असल्याने एकटा पुरत नाही, इतर पुरावाही लागतो.

यंत्र नाव सांगत नाही, फक्त नातं जुळतं की नाही ते सांगतं. त्यासाठी आई-वडील हयात नसले तरी एखाद्या भाच्याने गालाच्या आतून कापूस फिरवून द्यावा लागतो.