जाब बाजाराला विचारा, गरोदर बाईला नको

गरोदर बाईच्या तपासणी कार्डावर रक्तगट असतो, हिमोग्लोबिन असतं, साखर, थायरॉइड, कावीळ, एचआयव्ही सगळं असतं. शिसं नसतं. सांगली जिल्ह्यात इतकी वर्षं बाळंतपणं करते आहे, पण शिशाचा रिपोर्ट घेऊन आलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

हे शिसं कारखान्याजवळ राहणाऱ्यांनाच गाठतं, असं नाही. बांगलादेशात ते हळदीच्या डब्यात सापडलं. तिथल्या ग्रामीण भागातल्या ४३० गरोदर बायांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळजवळ ३१ टक्के जणींच्या रक्तात एका डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं निघालं. आसपास कारखाना नाही, मग हे येतं कुठून? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्साइथ आणि ढाक्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातल्या शिशाचे समस्थानिक घरातल्या वस्तूंशी ताडून पाहिले आणि बोट हळदीवर आलं. हळकुंडं पॉलिश करताना लेड क्रोमेट नावाचा पिवळाधमक रंग चोळला जात होता. १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद काळवंडली, ती खपावी म्हणून हा रंग आला आणि नंतर तीच रीत पडली.

माझ्याकडे हळद पिकवणाऱ्या घरांतल्या लेकी-सुना येतात. 'मॅडम, सासूबाई हळदीचं दूध द्यायला लागल्यात, घेऊ का?' हा प्रश्न नेहमीचा. मी घ्या म्हणते. हळदीशी माझं भांडण नाही. हळद शिजवायची, वाळवायची आणि ढोलात घालून फिरवायची, म्हणजे वरची साल निघून हळकुंड उजळतं. ही मेहनत मी जवळून पाहिली आहे. सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तसा वरचा चकचकीतपणाही बघतात. जिथे चकाकीला भाव आहे, तिथे रंग चोळायचा मोह कुणालातरी होणार, हे धरूनच चालायला हवं.

आणि हा मोह सीमेपलीकडेच थांबलेला नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या २३ शहरांतल्या हळदीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या पाटण्यातल्या काही नमुन्यांत एका ग्रॅममागे १००० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं होतं. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा १० आहे. म्हणजे शंभर पट.

शिसं शरीरात गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. तिथे ते वर्षानुवर्षं बसून राहतं. बाई गरोदर राहिली की बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याबरोबर शिसंही निघतं आणि वारेतून थेट बाळाकडे जातं. वार ते अडवत नाही. नाळेच्या रक्तातलं शिसं आईच्या रक्तातल्या शिशाच्या जवळपासच असतं. म्हणजे लहानपणी पोटात गेलेलं शिसं पंचवीस वर्षांनी पुढच्या पिढीत उतरू शकतं. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो. नुकसान जन्मताना दिसत नाही. ते पुढे शाळेत दिसतं, 'लक्ष लागत नाही', 'डोक्यात शिरत नाही' म्हणून. सगळेजण पोराला बोल लावतात. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

इथे आम्ही डॉक्टर आणि माध्यमं एक सोपी वाट धरतो. गरोदर बाईच्या हातात 'हे टाळा, ते टाळा'ची यादी द्यायची. प्लास्टिकच्या डब्यात गरम जेवण नको, मच्छरची कॉइल नको, घराला रंग देताना तिथे थांबू नका. यातलं बरंचसं योग्य आहे, मीही सांगते. डोहाळ्यात माती किंवा पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या बाईला तर मी हमखास टोकते. पण हळदीचं काय सांगू? 'अख्खी हळकुंडं आणून घरी दळा' हा आपला ठेवणीतला सल्ला इथे कामाचा नाही, कारण रंग हळकुंडालाच चोळलेला असतो. डोळ्यांना तो ओळखू येत नाही, आणि घरगुती चाचणीवर या बाबतीत विसंबता येत नाही. जे तिला दिसूच शकत नाही त्याची जबाबदारी तिच्या गळ्यात घालणं अन्यायाचं आहे. आधीच या बाईला घरचे, शेजारचे आणि मोबाइलवरचे सगळे मिळून घाबरवत असतात.

तिच्या हातात आहे ते एवढंच: कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या. शौचाला काळं होतं म्हणून लोहाच्या गोळ्या, आणि मोठ्या वाटतात म्हणून कॅल्शियमच्या, कपाटात पडून राहतात. त्या घ्याच, दोन्ही एकाच वेळी मात्र नको. शरीरात कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं.

बाकीचं काम सरकारचं, आणि ते होतं, हे बांगलादेशनेच दाखवलं. २०१९ मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा यंत्रणेने ढाक्याच्या घाऊक बाजारात हातातल्या एक्स-रे यंत्राने हळद जागेवर तपासली, माल जप्त केला, व्यापाऱ्यांना दंड केला, बाजारांत सूचना लावल्या. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. त्यासाठी कुणा गरोदर बाईला हळद सोडावी लागली नाही.

आपल्याकडे हळदीत लेड क्रोमेट चालत नाही, असा नियम आहेच. हवी आहे ती तपासणी. अन्न व औषध प्रशासनाने येत्या हंगामात सांगली आणि वसमतच्या सौद्यांत असं यंत्र न्यावं, बाहेरून येणारा मालही तपासावा, आणि निकाल बाजार समितीच्या फलकावर लावावा. चोख माल आणणाऱ्या शेतकऱ्याचाही यात फायदाच आहे. आणि आरोग्य विभागाने दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदर मातांच्या मोफत तपासणीत, निदान काही तालुक्यांत, शिशाची चाचणी सुरू करावी. रक्त आपण त्या दिवशी काढतोच.