छपरावरचे पाणी आणि आपली धर्मग्रामे

पोप फ्रान्सिस ह्यांचे ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात अगदी घरगुती वाटाव्यात अशा काही गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी जपून वापरावे, खाल्ले जाईल तेवढेच शिजवावे, प्लास्टिक टाळावे, ओला-सुका कचरा वेगळा ठेवावा, गरज नसलेला दिवा मालवावा. परभणी जिल्ह्यात हा उपदेश नेमका कोणाला करायचा, हा प्रश्न आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो.

जिंतूर वा गंगाखेडच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात डोक्यावरून हंडा वाहणारी भगिनी पाणी वाया घालवीत नाही. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाकडे टाकून देण्याजोगे काही नसते. त्यांची काटकसर ही परिस्थितीने लादलेली आहे. तिला सद्गुण म्हणून गौरविणे आम्हांस क्रूर वाटते. ज्यांच्या अंगणात बोअरवेल आहे आणि बटन दाबताच मोटर सुरू होते, त्यांनी हे विश्वपत्र आधी वाचावे. त्यांत शहरातील नोकरदार भाविक येतात, तशाच आपल्या शाळा, वसतिगृहे, मठ आणि धर्मगुरूंची निवासस्थानेही येतात.

मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही आणि साठतही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मात्र ह्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. पाऊस येतो तो असा एकदम, आणि वाहून जातो.

म्हणून आम्ही पहिला आग्रह धरतो तो छपराचा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक सेंटिमीटरची एक सर कोसळली, तर सुमारे ९३० लिटर पाणी खाली येते. मंदिराचे व शाळेचे छप्पर ह्याहून कितीतरी मोठे असते. पन्हळ, पाइप आणि वाळू-खडीची गाळणी एवढेच साहित्य लागते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे टाकीत साठवावे किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात उतरवावे. आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसण्यास चालते. ते गटारात सोडण्याचे काहीच कारण नाही.

हे धर्मगुरूंचे काम नव्हे, असे काही जण म्हणतात. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) येशूसंघाचे फादर हर्मन बाखर ह्यांनी पाणलोट विकासाला आयुष्य वाहिले. त्यांच्या पुढाकारातून १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली. पैशाआधी गावाकडून श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ह्यांची हमी घेण्याची त्या कामाची रीत होती. नियम आधी सर्वांनी मिळून मान्य करायचा, ही गोष्ट आपल्या धर्मग्राम परिषदांनी तिथून उचलावी. एकट्यादुकट्याने केलेली काटकसर महिनाभरात विसरली जाते.

दुसरा विषय सणाच्या जेवणाचा. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती अजून दिसतात. भाताचे ढीग उरतात. आणि रब्बीत जमिनीतल्या ओलीवर पिकणारी आपली ज्वारी पंगतीत दिसत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण दिले आहे. सणाला तिची भाकरी वाढण्यात कमीपणा कसला? राहता राहिली ताटे. स्टीलची ताटे उत्तम, पण ती घासणार कोण? प्रत्येक सणाला महिला मंडळच घासणार असेल, तर तो बदल आम्हांस मान्य नाही. पुरुषांनीही नळाशी बसावे. एप्रिल-मेमध्ये मात्र धुण्याचे पाणीच जड होते. तेव्हा पळसाच्या पत्रावळी बऱ्या, आणि त्या जेवणानंतर खतखड्ड्यात जाव्यात.