कुंपणापलीकडचा ससा

ससा म्हटला की आपल्याला कासवाबरोबरची त्याची शर्यत आठवते. पण त्याच्यामागे मरण लावून दिले ते माणसानेच, हे किती जणांना ठाऊक आहे? १९५२ साली आर्मां-दलील या फ्रेंच डॉक्टरांनी आपल्या इस्टेटीतील ससे कमी व्हावेत म्हणून दोन सशांना मिक्सोमॅटोसिस रोगाचे विषाणू टोचले. इस्टेटीला कुंपण होते. पण डास आणि पिसवा कुंपण कुठे जुमानतात? दोन-तीन वर्षांत फ्रान्समधील बहुतेक रानससे मेले.

पुढे १९८४ साली चीनमध्ये सशांचा रक्तस्रावी रोग आढळला. त्याचा नवा प्रकार २०१० साली फ्रान्समध्ये दिसला आणि २०२० साली अमेरिकेतील रानसशांपर्यंत पोहोचला. हा रोग माश्यांबरोबर, गवताबरोबर, एवढेच काय, आपल्या जोड्यांबरोबरही प्रवास करतो. स्पेनमध्ये ससे घटले की त्यांच्यावर जगणारे लिंक्स हे रानमांजरही उपाशी पडते!

युरोपात पाळीव सशांना या रोगांची लस देतात. ती द्यावीच, पिंजऱ्याला बारीक जाळी लावावी, नवा ससा काही दिवस वेगळा ठेवावा, मेलेला ससा उघड्यावर टाकू नये. पण रानातल्या प्रत्येक सशाला लस टोचायला कोण जाणार? म्हणून पाळणाऱ्याची स्वच्छता हेच रानसशाचे पहिले संरक्षण आहे, असे मला वाटते. मित्रहो, आपल्या कुंपणाआत जे घडते ते आपल्यापुरते कधीच राहत नाही.