वाकणारा पडदा हवा, पण वाया जाणारा नको

मुलांनो, फोनच्या पडद्यावर तुम्ही बोट नेमके कुठे ठेवले, हे फोनला कसे कळते? काच पारदर्शक असते, पण तिच्यातून वीज वाहत नाही. तांब्यातून वीज वाहते, पण आरपार दिसत नाही. हे दोन्ही गुण असलेला एक थर पडद्यात असतो. बहुधा तो इंडियम आणि कथील या धातूंच्या ऑक्साइडांचा असतो आणि केसाहून शेकडो पट पातळ असतो. बोट टेकले की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोनला जागा समजते.

इंडियमचा शोध १८६३ साली जर्मनीत फ्रायबर्ग येथे लागला. राइख यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपटातली नवी रेघ त्यांचे सहकारी रिश्टर यांनी पाहिली. ती निळीच्या रंगाची होती, त्यावरून धातूचे नाव पडले. युरोपीय भाषांत निळीला जे नाव आहे, ते मुळात भारतावरूनच आलेले. म्हणजे आपल्या देशाचे नाव आपण रोज खिशात घेऊन फिरतो!

मात्र हा थर ठिसूळ असतो. फार वाकवला तर पापडासारखा तडकतो आणि वीज अडते. म्हणून घडीच्या पडद्यांसाठी चांदीच्या अतिसूक्ष्म तारांची जाळी, वीज वाहणारे प्लॅस्टिक आणि ग्राफीन असे पर्याय पुढे आले. ग्राफीनवरचे महत्त्वाचे काम २००४ साली इथल्याच मँचेस्टर विद्यापीठात झाले आणि त्याला २०१० चे नोबेल मिळाले.

हे सारे कौतुकास्पद आहे. पण पडदा वाकतो की नाही एवढेच पाहून चालणार नाही, असे मला वाटते. इंडियम मुख्यतः जस्त शुद्ध करताना थोडे थोडे हाती लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ च्या अहवालानुसार, टाकून दिलेल्या वस्तूंतले १ टक्काही इंडियम परत मिळत नव्हते. म्हणून "जुना फोन रिसायकलिंगला दिला, आता नवा घेऊ" हे समाधान अपुरे आहे. त्यातले सोने-तांबे काढतात, हा पातळ थर बहुधा वायाच जातो.

पालकहो, मुलांनी घडीचा फोन मागितला तर आधी जुना दुरुस्त करून आणखी दोन वर्षे चालतो का, ते बघा. आणि मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे असा थर बनवलाच, तर तो परत कसा काढायचा हेही त्याच वेळी शोधा.

— एक पालक