एकाच बनावटीच्या मोटारी, एकाच कंपनीची मर्जी

पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणाऱ्या पोलो मोटारीचे उत्पादन फोक्सवॅगन कंपनीने २०२२ मध्ये थांबवले, तेव्हा एका लोकप्रिय हॅचबॅकला सर्वत्र भावपूर्ण निरोप देण्यात आला. याच मोटारीच्या नावाने २०१० मध्ये सुरू झालेली आणि देशातील टुरिंग कार शर्यतींना दशकभर आधार देणारी कंपनीची शर्यतमालिका त्याआधीच थांबली होती. तिच्या वाट्याला मात्र असा निरोप आला नाही. धावपट्टीवर घडणाऱ्या चालकांच्या दृष्टीने या दोहोंपैकी अधिक महत्त्वाची घटना कोणती, याबद्दल मतभेद होण्याचे कारण नाही.

एकाच बनावटीच्या मोटारींची शर्यत ही कल्पना साधी आहे. सर्व स्पर्धकांना एकाच कंपनीची, एकाच नमुन्याची मोटार; इंजिन मोहोरबंद, टायर एकाच पुरवठादाराचे, इंधन एकच. ज्याचा खिसा मोठा त्याचे इंजिन दमदार, हा मोटार शर्यतींचा जुना रोग त्यामुळे आटोक्यात येतो आणि निकाल चालकाच्या हातात राहतो. १९६६ मध्ये फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीने आपल्या ‘रेनॉ ८ गॉर्दिनी’ या मोटारीसाठी अशी चषक स्पर्धा सुरू केली. पुढे रेनॉची क्लिओ चषक मालिका आणि १९९० पासून जर्मनीत सुरू झालेला पोर्शे कॅरेरा चषक यांनी हे प्रारूप युरोपभर रुजवले.

या प्रारूपाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र एकाच दिवसाच्या शर्यतीचे आहे. १२ मे १९८४ रोजी जर्मनीतील नव्या न्युर्बुर्गरिंग धावपट्टीच्या उद्घाटनानिमित्त मर्सिडीजने ‘१९० ई’ या आपल्या सलून मोटारींची एक प्रदर्शनी शर्यत भरवली. जॅक ब्रॅबम, फिल हिल, जेम्स हंट, निकी लाउडा असे अनेक आजी-माजी जगज्जेते एकसारख्या मोटारींत बसले होते. जिंकला तो फॉर्म्युला वनमध्ये त्याच वर्षी दाखल झालेला २४ वर्षांचा एर्टन सेना. लाउडा दुसरा आला. टोलमनसारख्या दुबळ्या संघात अडकलेल्या या तरुणाची खरी किंमत यंत्रांतील फरक पुसला गेल्याबरोबर सर्वांना दिसली. एकाच बनावटीच्या शर्यतीचे समर्थन करणाऱ्यांना याहून मोठा पुरावा आजवर लागलेला नाही.

भारतात फोक्सवॅगनने हेच आश्वासन दिले. पहिल्या पोलो चषकातील मोटारी १.६ लिटर डिझेल इंजिनाच्या आणि सुमारे १३० अश्वशक्तीच्या होत्या. डिझेल मोटारींची शर्यत ही गोष्टच तेव्हा इथल्या प्रेक्षकांना नवी होती. पुढे पेट्रोल इंजिनाची आणि १८० अश्वशक्तीची पोलो आर आली, २०१५ मध्ये व्हेंटो आणि २०१७ मध्ये अमियो. अमियोची शर्यतीसाठी घडवलेली आवृत्ती तर १.८ लिटर इंजिन, २०० हून अधिक अश्वशक्ती आणि सुकाणूमागील पट्ट्यांनी बदलता येणारे सिक्वेन्शियल गिअर अशी होती. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरची कारी मोटार स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट येथे या शर्यती होत. मोटार कंपनीची, तंत्रज्ञ कंपनीचे, वाहतूक कंपनीची. चालकाने शुल्क भरायचे, शिरस्त्राण घेऊन यायचे आणि गाडी पळवायची. स्वतःचा संघ उभा करण्याची ऐपत नसलेल्या तरुणासाठी ही व्यवस्था म्हणजे दार किलकिले होणे होते. कार्टिंगची परंपरा जपणाऱ्या कोल्हापुरातील ध्रुव मोहिते याच मालिकांत धावला. चेन्नईच्या आदित्य पटेलने २०१० मध्ये जर्मनीतील पोलो चषकात भाग घेतला आणि पुढे तो ऑडीच्या जीटी मोटारींपर्यंत पोहोचला.

समानतेच्या या आश्वासनाला मर्यादा होत्याच. मोटार सारखी मिळाली तरी सरावाचे दिवस सारखे मिळत नाहीत. ज्याने लहानपणापासून कार्टिंगवर खर्च केला, परदेशात प्रशिक्षण घेतले, तो त्याच मोटारीतून वेगळा वेग काढतो. या पद्धतीच्या शर्यतींत अपघाती नुकसानीचा भार बहुधा चालकावरच येतो. त्यामुळे वळणावर मोटार घुसवण्याचे धाडस कोणी करायचे, याचा निर्णय कधीकधी बँकेतील शिल्लक करते. भूगोलाचाही प्रश्न आहे. देशातील नियमित शर्यतींचे केंद्र प्रामुख्याने तामिळनाडू. गुवाहाटी किंवा नागपूरच्या मुलाला पहिली फेरी मारण्यापूर्वीच हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. हा खेळ महागडा आहे, अशी तक्रार नेहमी होते. तो दूरचाही आहे, हे क्वचितच बोलले जाते.

तरीही खरा धोका या मर्यादांत नव्हता. तो मालकीत होता. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल उत्सर्जन घोटाळा उघड झाला आणि जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारी त्याच्या कक्षेत आल्या. पुढच्याच वर्षी कंपनीने जागतिक रॅली स्पर्धेतून माघार घेतली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने विद्युत मोटारींकडे वळण्याचे कारण देत जर्मनीतील आपला संपूर्ण मोटार क्रीडा विभाग बंद करण्याची घोषणा केली. दरम्यान भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि अमियोची विक्री थांबली. कोविडने त्या वर्षीचा हंगामही गिळला. या घटनांपैकी नेमकी कोणती निर्णायक ठरली, हा वाद इथे गौण आहे. त्यांपैकी एकही घटना धावपट्टीवर घडलेली नव्हती. चालकांनी काही गैर केले नव्हते, आयोजन फसले नव्हते. पोलो मोटारी पुढेही खासगी संघांच्या हाती राष्ट्रीय स्पर्धांत दिसत राहिल्या, पण कंपनीच्या खर्चाने चालणारी ती शिडी राहिली नाही.

हा अनुभव एकट्या फोक्सवॅगनपुरता नाही. २०१२ च्या सुमारास टोयोटाने नवोदितांसाठी एटिऑस मोटारींच्या शर्यती गाजावाजाने सुरू केल्या. काही वर्षांत त्या थांबल्या आणि २०२० मध्ये ती मोटारही भारतीय बाजारातून गेली. टाटा मोटर्सने २०१४ मध्ये बुद्ध सर्किटवर प्राइमा ट्रकची शर्यत भरवली. आधी परदेशी आणि २०१६ पासून प्रशिक्षण दिलेले भारतीय ट्रकचालक तिथे धावले. महामार्गावर ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही, अशा माणसांना फॉर्म्युला वनच्या धावपट्टीवर टाळ्या मिळाल्या, हे या देशातील मोटार क्रीडेने केलेल्या मोजक्या सुंदर कामांपैकी एक मानावे लागेल. तेही टिकले नाही. टाटांच्याच मालकीच्या जॅग्वारने २०१८ च्या डिसेंबरमध्ये सौदी अरेबियात आय-पेस या विद्युत मोटारींची मालिका सुरू केली, तिचे आयुष्य अवघ्या दोन हंगामांचे ठरले.

मोटार उत्पादकासाठी अशी मालिका हा जाहिरातीचा खर्च असतो आणि जाहिरातीचे आयुष्य मॉडेलच्या आयुष्याइतके. मॉडेल बदलले की धावपट्टीवरील जुनी मोटार दालनातील नव्या मोटारीची स्पर्धक ठरते. भारतीय शर्यती इतक्या वर्षांत टिकल्या त्या प्रामुख्याने एमआरएफ आणि जेके या टायर कंपन्यांच्या तसेच चेन्नईच्या मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबसारख्या संस्थांच्या पाठबळावर, हा योगायोग नव्हे. टायर झिजतो, बदलावा लागतो आणि तो कोणत्याही मॉडेलला बसतो. त्यामुळे टायर विकणाऱ्याला शर्यत कालबाह्य होण्याची भीती नसते. त्याहीपूर्वी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, कोइमतूरचे उद्योजक एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून एकआसनी शर्यती मोटार घडवली आणि ‘फॉर्म्युला मारुती’ उभी राहिली. पुढे भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक ठरलेला नारायण कार्तिकेयन याच वर्गात धावला होता. त्या मोटारींमागे विक्रीचे उद्दिष्ट नव्हते. त्यांची रचना इथली होती, दुरुस्ती इथे होत होती आणि इंजिन गावोगावच्या गॅरेजमध्ये मिळत होते.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन रेसिंग लीगने वेगळा मार्ग निवडला आहे. इटलीत बनलेल्या एकसारख्या वुल्फ मोटारी, शहरांच्या नावाचे संघ आणि प्रत्येक संघात एका महिला चालकाची सक्ती. गोव्याच्या नावाचा संघ त्यात पहिल्या हंगामापासून आहे; कोलकाता संघामागे सौरव गांगुलीचे नाव आहे. प्रेक्षकाला मोटारीपेक्षा शहराशी जोडण्याचा हा प्रयत्न समजण्यासारखा आहे. परंतु शहरातील रस्त्यांवरील शर्यतींत सरकारी निधी आणि सरकारी इच्छा आल्या की त्याही बदलू शकतात. हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई झाली. राज्यात सत्तांतर झाले आणि २०२४ ची शर्यत रद्द करण्यात आली. कंपनीच्या मर्जीची जागा शासनाच्या मर्जीने घेतली, इतकाच काय तो फरक. शिवाय लीगच्या मोटारी छताच्या, रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारी नाहीत. सलून मोटारीत कारकीर्द घडवू पाहणाऱ्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

उपाय फार अवघड नाहीत, फक्त ते कराराच्या भाषेत मांडावे लागतील. भारतीय मोटार क्रीडा महासंघाने एखाद्या उत्पादकाच्या मालिकेला मान्यता देताना किमान पाच हंगामांची लेखी हमी मागावी. कंपनीने माघार घेतली तर शर्यतीच्या मोटारी आणि सुटे भाग ठरलेल्या किमतीत क्लबांकडे यावेत, इंजिनांच्या मोहोरा आणि तांत्रिक माहितीसह. मॉडेल बंद झाल्यानंतरही पाच-सात वर्षे त्या मोटारी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्वतंत्र वर्ग म्हणून धावू शकतात. सुटे भाग मिळाले तर मोटार जुनी असल्याने चालकाचे फारसे काही बिघडत नाही. कंपन्या अशा अटी मान्य करतील का, हा प्रश्न रास्त आहे. ज्या मान्य करणार नाहीत त्यांची मालिका प्रदर्शनी म्हणून खुशाल भरावी, पण तिला राष्ट्रीय मालिकेचा दर्जा देऊ नये.

हा करार विद्युत मोटारींची पहिली भारतीय मालिका जाहीर होण्यापूर्वी व्हायला हवा. बॅटरी आणि तिचे नियंत्रण करणारी संगणकप्रणाली पूर्णतः उत्पादकाच्या ताब्यात असते. पेट्रोल इंजिन कोइमतूरचा एखादा कुशल तंत्रज्ञ कंपनी निघून गेल्यावरही उघडून पुन्हा उभे करू शकतो. बंद केलेली संगणकप्रणाली त्याला उघडता येणार नाही.