घराण्याचें वेड आणि घराण्याची भीति

कापडे गांवीं, किंबहुना साऱ्या पोलादपूर-महाड भागांत, सोयरीक जुळवितांना पुष्कळ गोष्टी मोठ्यानें विचारल्या जातात व एक गोष्ट हळूच विचारली जाते: "त्या घरांत कोणी वेडें तर नाहीं ना?" उत्तर होकारार्थी आलें कीं बोलणें तेथेंच संपतें. चुलता आजारी, म्हणून पुतणीच्या कपाळीं डाग. या प्रश्नांत सत्याचा अंश आहे. परंतु अन्यायाचा अंश त्याहून फार मोठा आहे, असें आमचें मत आहे.

सत्याचा अंश प्रथम पाहूं. मनाचे कांहीं विकार कुळांत उतरतात, हें खरें. छिन्नमनस्कता, ज्यास डॉक्टर लोक स्किझोफ्रेनिया म्हणतात, तो विकार शंभरांत सुमारें एका माणसास आयुष्यांत केव्हां तरी होतो. आईबापांपैकीं एकास तो असल्यास मुलांत हें प्रमाण शेंकडा दहाच्या आसपास जातें. अगदीं एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकीं एकास तो झाला, तर दुसऱ्यास होण्याचा संभव तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत असतो. म्हणजे बीज तेंच, घर तेंच, तरीही निदान अर्धे सुटतात! आणि शेंकडा दहास होतो याचाच अर्थ नव्वदांस होत नाहीं. ही वजाबाकी प्राथमिक शाळेंतील मुलास येते. सोयरिकीच्या बैठकींत मात्र ती मोठ्यांस सुचत नाहीं. शिवाय बहुसंख्य रुग्णांच्या आईबापांत वा भावंडांत हा आजार आढळतच नाहीं. तेव्हां "आमचें घराणें स्वच्छ" म्हणून मिरविणारांनींही थोडें थांबावें.

वेडाचें एखादेंच बीज असून तें सातबाऱ्याप्रमाणें बापाकडून मुलाच्या नांवें चढतें, ही समजूत आतां टिकत नाहीं. इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक संशोधनांत पाऊण लाखाहून अधिक रुग्ण व त्यांच्या तिपटीहून अधिक इतर माणसें यांच्या जनुकांची तुलना करण्यांत आली. तींत या आजाराशीं संबंध असलेलीं २८७ स्थानें सांपडलीं. एकेका स्थानाचा परिणाम अत्यल्प. आणि यांतील कांहीं ना कांहीं भार तुमच्याआमच्या सर्वांच्याच अंगीं असतो. (त्या अभ्यासांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार, आपल्याकडील लोक थोडे, म्हणून ते आंकडे येथें जसेच्या तसे लावणें धाडसाचें होईल.) रक्त तपासून अमक्या मुलास हा आजार होणारच, असें सांगणारी परीक्षा आज जगांत कोठेंही नाहीं. कोणी पैसे घेऊन तसें सांगत असेल, तर त्याची व अंगारा देणाऱ्या भगताची योग्यता एकच समजावी.

मग हीं जनुकें मेंदूंत करतात तरी काय? बालपणीं मेंदूंतील पेशींमध्यें गरजेहून अधिक जोडण्या असतात. भाजीच्या वाफ्यांतील दाट रोपें आपण विरळ करतों, त्याप्रमाणें किशोरवयांत निसर्ग त्यांची छाटणी करतो. बोस्टन येथील शास्त्रज्ञांनीं २०१६ मध्यें दाखविलें कीं, सी-४ नांवाच्या जनुकाचीं कांहीं रूपें या आजाराचा धोका वाढवितात व तें जनुक या छाटणीच्या कामांत भाग घेतें. छाटणी प्रमाणाबाहेर झाली तर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. आजार बहुधा सोळा ते तीस या वयांत कां प्रकट होतो, याचाही थोडा उलगडा यावरून होतो.

आतां शाळेशीं निगडित गोष्ट. बेरीज करतांना हातचा ध्यानांत ठेवावा लागतो. ती शक्ति, तसेंच अवधान व ऐकलेलें स्मरणांत ठेवण्याची शक्ति, या रुग्णांत मंदावते, आणि पुष्कळदां भास होऊं लागण्यापूर्वींच मंदावलेली असते. रुग्णाच्या निरोगी भावंडांतही ही उणीव कधीं कधीं सौम्य प्रमाणांत आढळते. परंतु जनुकांचा भार मोजून एकाद्या मुलाच्या बुद्धीविषयीं जें सांगतां येतें तें इतकें थोडें आहे, कीं त्यावरून वर्गांतील कोणतेंही मूल ओळखतां यावयाचें नाहीं. आईच्या आजारामुळें रात्रभर जागलेलें मूल सकाळीं फळ्याकडे शून्य नजरेनें पाहतें, तें बहुधा झोपेअभावीं. त्यास "तुमच्या घराण्यांतच आहे तें" असें जो शिक्षक म्हणेल, त्याच्या हातीं खडू देऊं नये.

बीजाइतकीच जमीनही महत्त्वाची. इ. स. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडमध्यें दुष्काळ पडला. त्या काळीं ज्या माता प्रथम महिन्यांत गरोदर होत्या, त्यांच्या मुलांत पुढें हा आजार सुमारें दुपटीनें आढळला. गांजाच्या व्यसनानेंही धोका वाढतो. मुंबईस नोकरीसाठीं जाणाऱ्या आमच्या तरुणांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें.

लपविण्यानें काय साधतें? धुळे भागांतून कॅनडांत गेलेले संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हा आजार होता. त्यांनीं तो लपविला नाहीं. उलट पुण्यांत रुग्णांच्या कुटुंबियांसाठीं संस्था उभी केली, व २००४ मधील 'देवराई' हा चित्रपट निघण्यास साह्य केलें. त्यांत कोंकणांतील एका भावाचा आजार व त्याच्या बहिणीची तगमग दाखविली आहे. आमच्या भागांतील पुष्कळ घरांनीं तो पाहावा. सोयरिकीच्या बैठकींतही विचारावयाचेंच असेल, तर त्या आजारी चुलत्यास वेळेवर औषध कोण देतें, हें विचारावें. पुतणी देत असेल, तर तिच्याविषयीं आणखी चौकशी कशास हवी?

रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. कशेडी घाट उतरून तेथें जाणें आतां पूर्वींइतकें कठीण नाहीं. १९१२ च्या कायद्याच्या नांवांतच "वेडे" हा शब्द होता. २०१७ च्या कायद्यानें उपचार हा रुग्णाचा हक्क ठरविला आहे. घरांतील मूल एकाएकीं अबोल झालें, झोप उडाली, कोणी आपल्याविरुद्ध कट करीत आहे असें बोलूं लागलें, तर अमावास्येची वाट न पाहतां डॉक्टरांकडे न्यावें. विद्यार्थ्यांनीं १४४१६ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. तो सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा असून तेथें मराठींत बोलतां येतें व पैसे पडत नाहींत.