बेकायदा अटक आणि न्यायालयाचा अधिकार : एक जाहीर पत्रक

आरोपीला कायदा मोडून पकडून आणले, तरी तो न्यायालयापुढे हजर झाला की खटला चालवण्याचा अधिकार अबाधित राहतो, हा नियम भारतात शंभराहून अधिक वर्षे रुजलेला असून तो आता बदलला पाहिजे.

८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेल्स बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला, परंतु प्रत्यार्पणाची, म्हणजे एका देशाने आरोपी दुसऱ्या देशाकडे रीतसर सोपवण्याची, प्रक्रिया न होताच ते पुन्हा ब्रिटिश पोलिसांच्या हाती पडले. अटकेच्या रीतीने आपल्या अधिकाराला बाध येत नाही, असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष न्यायासनाने डिसेंबर १९१० मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली; हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी सोपवणुकीत अनियमितता झाल्याचे मान्य केले, तरी कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर घातले नाही.

आजही अटकेची कारणे न कळवल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चा भंग होऊन अटक बेकायदा ठरते, मात्र तेवढ्याने तपास, आरोपपत्र आणि खटला रद्द होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. पोलिसाच्या चुकीपायी गुन्हेगार सुटू नये, हा यामागचा युक्तिवाद किरकोळ चुकांपुरता रास्त आहे. परंतु शासनच जाणूनबुजून अपहरण करते, तेव्हा खटला चालवणारे न्यायालय त्या कृत्याचे फळ पदरात घेत असते. दक्षिण आफ्रिकेच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये स्वाझीलँडमधून पळवून आणलेल्या आरोपीची शिक्षा याच कारणाने रद्द केली, तर प्रत्यार्पणाचा मार्ग डावलून आरोपी आणल्यास खटला थांबवता येतो, असे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही १९९३ मध्ये ठरवले. खटला थांबवणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे, कारण शासनाला रीतसर मार्ग खुलाच राहतो.

म्हणून नागरिकांनी पुढील मागण्या लावून धराव्यात :

१. किरकोळ त्रुटी असल्यास खटला चालावा, पण बेकायदा कोठडीतून आरोपीची तत्काळ सुटका व्हावी.

२. शासनाने हेतुपुरस्सर कायदा डावलून आरोपी आणला असल्यास न्यायालयाने खटला चालवण्यास नकार द्यावा, आणि हे बंधन संसदेने कायद्यात स्पष्ट लिहावे.